शार्लट्सविलचा पहिला गणिताचा प्राध्यापक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की, माझ्या विद्यापीठाला दोनशे वर्षांपूर्वी गणित शिकवायला माणूस मिळाला तरी कुठून? तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

आमचं शार्लट्सविलचं हे व्हर्जिनिया विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा त्याचा संस्थापक, अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, याने ऐंशी ओलांडली होती. गुलामांनी राबून इमारती उभारल्या, पण मनाजोगे प्राध्यापक देशात मिळेनात. १८२४ मध्ये त्याने फ्रान्सिस गिल्मर नावाच्या तरुण वकिलाला इंग्लंडला धाडलं. गिल्मर केंब्रिज, ऑक्सफर्ड, एडिंबरा सगळीकडे हिंडला. नावाजलेले विद्वान जागचे हलायला तयार नव्हते. शेवटी गणितासाठी थॉमस ह्यूइट की (आडनावच 'की') हा केंब्रिजचा पदवीधर तयार झाला. वय पंचविशीचं, नुकतंच लग्न झालेलं. दीड हजार डॉलर पगार, राहायला घर, वर विद्यार्थ्यांची फी.

त्या जोडप्याचं 'कॉम्पिटिटर' जहाज वादळात रखडलं आणि इकडे जेफरसनचा जीव टांगणीला लागला. फेब्रुवारी १८२५ मध्ये ते व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदराला लागलं आणि लांबलेले वर्ग अखेर ७ मार्चला सुरू झाले.

पण ऑक्टोबरात मुखवटे घातलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री धुडगूस घातला, युरोपियन प्राध्यापकांविरुद्ध घोषणा दिल्या, विटा फेकल्या. थॉमस कीने राजीनामा लिहून दिला. जेफरसन विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभा राहिला, पण त्याचा कंठ दाटून आला, शब्द फुटेना. राजीनामा तेव्हा मंजूर झाला नाही, पण १८२७ मध्ये थॉमस की मायदेशी परतलाच. लंडनला तो लॅटिनचा प्राध्यापक झाला! इथलं गणित त्याच जहाजातून आलेल्या चार्ल्स बॉनीकॅसलकडे गेलं.

माझं मन त्या नवराबायकोपाशी अडकतं. समुद्रापार येऊन जेमतेम आठ महिने झालेले, आणि दाराबाहेर हा दंगा.

यंदा आमच्या विभागातही गणिताची जागा भरायची आहे आणि मी निवड समितीवर आहे. बैठकांत शोधनिबंधांवर तासन्‌तास खल होतो. काल मी विचारलं, येणाऱ्याच्या बायकोच्या नोकरीचं काय, पहिले पंधरा दिवस राहायचं कुठे? सगळे गप्प झाले. मग ते काम मीच अंगावर घेतलं. ते कुटुंब आलं की पहिला आठवडा जेवायला माझ्याकडे. आई, आमटीचं प्रमाण सहा माणसांसाठी लिहून पाठव.

बाबा, गुडघ्याचं तेल वेळेवर लावा.

तुमची लेक