आमच्या घरातील बरे होण्याचे माप बदलणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाच्या स्किझोफ्रेनियावर ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांचे आभार आम्ही वेळोवेळी मानले आहेत. मनोविकार विभागातील सामाजिक कार्यकर्त्या म्हणून तुम्ही जे केलेत, त्याची नोंद मात्र कोणत्याही केसपेपरवर नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

औषधांनी भास आणि संशय ओसरले, तरी तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहत असे आणि नातेवाईक त्याला आळस म्हणत. तेव्हा तुम्ही आई-बाबांना समोर बसवून सांगितलेत की, उमेद मावळणे, बोलणे आटणे, चेहऱ्यावरील भाव हरपणे ही याच आजाराची लक्षणे आहेत, भास कमी करणाऱ्या गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि घरातील सततची टीका व अतिकाळजी या दोन्हींमुळे आजार उलटण्याचा धोका वाढतो. अतिकाळजीचे ऐकून आई दुखावली होती, हे खरे. पण तेव्हापासून ती त्याचे ताट खोलीत नेत नाही.

‘हा पूर्वीसारखा कधी होईल?’ असे बाबा तुम्हाला दर भेटीत विचारत. तुम्ही त्यांना तारीख दिली नाहीत. त्यालाच विचारलेत की, तुला काय करावेसे वाटते? त्याने काकांच्या पिठाच्या गिरणीचे नाव घेतले. सुरुवातीला तो संध्याकाळी थोडा वेळ जाऊन नुसते दळणाचे डबे ओळीने लावत असे. आता सकाळची गिरणी तोच सांभाळतो. आवाज अजूनही अधूनमधून येतात, मात्र पट्टा फिरू लागला की त्यांच्याकडे लक्ष जात नाही, असे तो हसून सांगतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला आपल्या उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवता येतात आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो, हे तुमच्यामुळे कळले. त्याने प्रतिनिधी म्हणून बाबांऐवजी माझे नाव लिहिले. त्यावरून घरात अबोला झाला, तरी तुम्ही निर्णय त्याचाच राहू दिलात, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. धोक्याच्या खुणांची यादीही तुम्ही त्याच्याच हाताने लिहून घेतलीत: झोप उडणे, जेवणावर संशय येणे, फोन बंद ठेवणे. गेल्या पावसाळ्यात झोप उडाली, तेव्हा ‘डॉक्टरांकडे जाऊ’ असे तो स्वतःहून म्हणाला. औषधांची मात्रा बदलली, काही दिवस गिरणी बुडाली आणि मग तो पुन्हा कामावर जाऊ लागला.

पुढच्या तपासणीला तो एकटाच येणार आहे. विचारायचे प्रश्न त्याने लिहून ठेवले आहेत आणि त्यांतील पहिला लग्नाविषयीचा आहे. त्याचे उत्तर कृपया त्यालाच द्यावे. आम्ही फोन करून विचारले, तरी आम्हाला सांगू नये.

आपली कृतज्ञ,
त्याची ताई