पुण्यातल्या एबीसीतल्या (अप्पा बळवंत चौकातल्या) ब्रशवाल्या काकांना थँक यू

काका, नमस्कार. हे तुम्ही स्वतः वाचणार नाही माहितीये, पण दुकानातला पोरगा मोबाईलवर दाखवेल. समोर थँक यू म्हणायचं राहूनच जातं कारण काउंटरला कायम आर्किटेक्चरच्या पोरांची गर्दी आणि तुमचं कौतुक करायला गेलं की तुम्ही लगेच "बरं, अजून काय देऊ?"

मी तो, प्लास्टिकचे सैनिक रंगवणारा. वॉरहॅमर नावाच्या टेबलावर खेळायच्या युद्धाच्या खेळातले, इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनतात, उंची जेमतेम तीन सेंटिमीटर आणि तेवढ्यात डोळे, बक्कल, बुटाच्या पट्ट्या सगळं. डोळे काढायला ट्रिपल झिरो, म्हणजे अगदी बारीक ब्रश द्या म्हणालो तर तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून सैनिक उलटासुलटा बघितलात आणि म्हणालात, "ट्रिपल झिरो नको, एक नंबर ने." मला वाटलं काकांना काम कळलं नाही. मग तुम्ही सांगितलंत की ट्रिपल झिरोच्या पोटात रंग मावतच नाही, अ‍ॅक्रिलिक पटकन वाळतं, त्यामुळे डोळ्यापर्यंत हात जाईस्तोवर टोक सुकलेलं असतं, उलट एक नंबरचं पोट भरलेलं राहतं आणि टोक नीट असेल तर रेघ तितकीच बारीक येते. खरंच येते हो काका! आता बुबुळंसुद्धा त्याच ब्रशने काढतो.

पण खरा थँक यू त्या जुन्या ब्रशसाठी. बॅगेतला पिसारलेला ब्रश तुम्ही मागून घेतलात, दुसरा कोणी असता तर नवा गळ्यात मारला असता. ओला करून साबणाच्या वडीवर फिरवलात आणि मग तळहातावर हळूहळू गोल गोल, आधी नुसता पांढरा फेस, मग अचानक निळा यायला लागला, मग तपकिरी, म्हणजे वरून स्वच्छ दिसणाऱ्या ब्रशच्या आत, केस धातूच्या नळीत शिरतात तिथे, किती महिन्यांचा रंग बसला होता कोण जाणे. फेस पांढरा होईपर्यंत सोडलं नाहीत, गिऱ्हाईक थांबलं होतं तरी. शेवटी पाण्यात बुडवून मनगटाने एक झटका, आणि टोक आपोआप जुळलं.

तेव्हा सांगितलेलं सगळं पाळतो. रंग अर्ध्या केसांच्या वर चढू द्यायचा नाही, ब्रश पाण्याच्या कपात उभा सोडायचा नाही, मेटॅलिक रंगाला वेगळं पाणी कारण त्यातली चमकी सगळीकडे लागते, आणि ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, म्हातारे ब्रशच वापरायचे. सिंथेटिकचं टोक वाकडं झालं की गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ करतो, थोडे दिवस तरी चालतो, पण खऱ्या केसाच्या ब्रशला गरम पाणी नाही, आतला गोंद सुटतो. धुतल्यावर टोकाला जरासा साबण ठेवून आडवा वाळवतो. पावसाळ्यात दमट हवेने स्प्रे प्रायमरला (रंगाआधीच्या अस्तराला) दाणे येतात म्हणून प्रायमरही ब्रशनेच लावतो, त्याला मात्र तुमचा दहा रुपयेवाला.

मुंगसाच्या केसाचा मिळेल का विचारलं होतं तेव्हा तुम्ही जो आवाज चढवलात तोही लक्षात आहे, वन्यजीव कायदा १९७२ वगैरे, शेजारची दोन पोरंपण गप्प झाली. बरोबरच होतं. नंतर कोलिन्स्कीबद्दल वाचलं, तेही सायबेरियातल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे केस, विन्सर अँड न्यूटन कंपनीची त्याच केसांची सिरीज सेव्हन ब्रशमालिका १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी बनवली म्हणतात. राणीला परवडत असेल. माझं तुमच्या सिंथेटिक एक नंबरवर छान चाललंय, आणि बॉक्समधले सगळे सैनिक रंगवून झाले, हे आमच्या ग्रुपमध्ये कोणाचंच होत नाही, सगळ्यांच्या कपाटात न रंगवलेलं करडं प्लास्टिक पडून असतं.

ग्रुपमधल्या दोघांना तुमच्याकडे पाठवतोय. ट्रिपल झिरोच मागतील, देऊ नका. आणि ती ब्रश धुवायच्या साबणाची डबी आली की माझ्यासाठी एक बाजूला ठेवा, शनिवारी येतो, सैनिकपण आणतो दाखवायला.