‘कोण जिंकला असता?’ याआधी ‘कधी?’ हे ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत हेवीवेट बॉक्सिंगमधल्या न झालेल्या लढतींवर वाचकांचा वाद रंगला आहे. अली विरुद्ध टायसन, मार्सियानो विरुद्ध अली, लेनॉक्स लुईस विरुद्ध रिडिक बो. बहुतेक पत्रांत एक गोष्ट मात्र राहूनच गेली आहे. कुठला अली? १९६७ मध्ये बंदी येण्याआधीचा, की १९८० मध्ये होम्सपुढे कोपऱ्यात बसून राहिलेला? आणि टायसन? १९८८ मध्ये स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा, की दोनच वर्षांनी टोकियोत डग्लसकडून आडवा झालेला? साल ठरत नाही तोवर हा वाद म्हणजे नुसत्या नावांची झोंबी.

वेगवेगळ्या काळातल्या मल्लांच्या जोड्या लावायच्या तर वजन आणि फेऱ्याही ठरवाव्या लागतात. मार्सियानो ४९ लढती खेळला आणि एकही हरला नाही, हे खरेच. पण तो साधारण १८५ पौंडांवर, म्हणजे ८४ किलोवर खेळे. आज तो २०० पौंडांची मर्यादा असलेल्या क्रूझरवेट गटात बसेल. हाताचा पल्ला सुमारे ६८ इंच, अलीचा ७८. ही लढत संगणकाने ‘लावून’ झालीसुद्धा. १९६९ मध्ये दोघांकडून एकेका मिनिटाच्या सुमारे ७० फेऱ्यांचे चित्रीकरण करून घेतले, मार्सियानोने वजन उतरवले, डोक्यावर केसांचा टोप चढवला. १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला आणि युरोपातल्या प्रतीत अली. यंत्राचा कौलही प्रेक्षक बघून बदलला, आता बोला!

दुसरा घोळ ‘अ ने ब ला हरवले, ब ने क ला, म्हणून अ भारी’ या हिशेबाचा. १९७३ मध्ये नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये फोरमनने नॉर्टनला दुसऱ्या फेरीत संपवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत बाद केले. या तिघांना उतरंडीत बसवून दाखवा. प्रश्न शैलीचा असतो. नॉर्टनची आडव्या हातांची ढाल आणि त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, अलीला जड जाई. तोच नॉर्टन मागे ढकलला गेला की उघडा पडे, आणि मागे ढकलणे हेच तर फोरमनचे काम.

खरी चुटपुट लावणारी लढत लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो यांची, कारण ती होऊ शकली असती. दोघांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर, दोघे सहा फूट पाच इंच. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात लुईसने दुसऱ्या फेरीत बो याला थांबवले. पण तो पुरावा फार ताणू नये. ती हौशी लढत होती : तीन फेऱ्या, डोक्याला संरक्षक टोपी, उभ्या खेळाडूलाही आठ आकडे मोजण्याचा नियम. दोनदा आकडे मोजून पंचांनी लढत थांबवली. बारा फेऱ्यांत दम कोणाचा टिकला असता, हे त्यातून कळत नाही.

१९९२ च्या ३१ ऑक्टोबरला लुईसने लंडनमध्ये रडॉकला दुसऱ्या फेरीत उडवले आणि किताबासाठी आव्हान देण्याचा हक्क मिळवला. १३ नोव्हेंबरला बोने लास वेगासमध्ये होलीफील्डला बारा फेऱ्यांत हरवून जागतिक किताब घेतला. आता या दोघांनीच भिडायचे होते. पैशाच्या वाटणीवर गाडे अडले आणि डिसेंबरात बोने लंडनमध्ये डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा किताबाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो पट्टा लुईसला मिळाला, लढत मात्र राहिलीच.

माझे मत विचाराल तर १९९३ च्या वसंतात बो जिंकला असता. एवढ्या उंचीचे मल्ल सहसा लांबून खेळतात. बो मात्र अंगाला अंग लावून खालून वर जाणारे आखूड अपरकट आणि बरगड्यांवर बाजूने वळणारे हुक मारी, आणि हे धडे त्याला एडी फुचसारख्या गुरूने घोटून दिलेले. तेव्हाचा लुईस उजवा हात फेकताना डावा खाली सोडे आणि तोल पुढे जाई. त्या ऑक्टोबरात ब्रुनोविरुद्ध तो सातव्या फेरीपर्यंत चाचपडत होता. पुढच्या वर्षी मॅकॉलने नेमकी तीच फट गाठली. लुईसचा उजवा निघाला त्याच क्षणी मॅकॉलचा उजवा आत आला आणि दुसऱ्या फेरीत खेळ आटोपला.

त्या रात्री मॅकॉलच्या कोपऱ्यात इमॅन्युएल स्टुअर्ड होते. नंतर लुईसने त्यांनाच आपले गुरू केले. पायांतले अंतर, तोल आणि आधी जॅब, मगच उजवा ही शिस्त त्याच्या अंगी बाणली. बोचा प्रवास उलटा. होलीफील्डविरुद्ध पहिल्या लढतीत २३५ पौंड, वर्षभराने हरला तेव्हा २४६, १९९६ च्या जुलैत गोलोटासमोर २५२. त्या वर्षी दोघे दोनदा भिडले. गोलोटा दोन्ही वेळा गुणांवर पुढे होता, कमरेखाली मारल्यामुळे दोन्ही वेळा अपात्र ठरला. म्हणजे बो जिंकला तो नियमाने, ठोशाने नव्हे. १९९५ नंतर लढत झाली असती तर निकाल लुईसकडे, आणि बहुधा सहा फेऱ्यांच्या आत. याच गोलोटाला लुईसने १९९७ मध्ये पहिल्याच फेरीत गुंडाळले, पण तो दाखला मी वापरत नाही. वरचा हिशेबाचा घोळ मलाही लागू आहे.

१९२० च्या दशकातल्या डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची लढत या यादीत घालणाऱ्यांना एकच सांगणे : ती शैलीच्या वादात धरू नका. विल्स कृष्णवर्णीय होता. पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन याच्यानंतर कृष्णवर्णीय मल्लाला हेवीवेट किताबासाठी उभे करायला त्या काळचे आयोजक तयार नव्हते. तिथे प्रश्न ‘कोण जिंकला असता’ हा नाहीच.

आपण हे सदर पुढे चालवणार असाल तर प्रत्येक काल्पनिक लढतीखाली चार गोष्टी छापाव्यात : महिना आणि साल, दोघांचे त्या वेळचे वजन, फेऱ्या बारा की पंधरा, आणि दोघांच्या कोपऱ्यात गुरू कोण. डब्ल्यूबीसीने १९८३ पासून बारा फेऱ्या केल्या, त्याआधीच्या किताबी लढतींना पंधराच धराव्यात.

आपला,
एक वाचक, पुणे