अॅलिस कोल्ट्रेन यांची स्वतंत्र नोंद हवी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जॅझमधील प्रयोगशील वादकांवर आलेला दीर्घ लेख मनापासून आवडला. मराठी वृत्तपत्रात या संगीताला एवढी जागा क्वचितच मिळते, आणि ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर यांच्याविषयी लेखकाने आस्थेने लिहिले आहे. मात्र अॅलिस कोल्ट्रेन यांचा उल्लेख त्यात एकदाच येतो, तोही सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची पियानो वाजवणारी पत्नी एवढाच. याचा दोष मी एकट्या लेखकाला देत नाही. अमेरिकेतल्या समीक्षकांनीही अनेक वर्षे हेच केले, आणि आता कुठे तिकडे ती चूक सुधारली जात आहे. मराठी वाचकांपर्यंत त्यांचा तोच जुना, अपुरा परिचय पोहोचू नये, म्हणून हे पत्र.

अॅलिस मॅक्लाउड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९३७ रोजी डेट्रॉइट शहरात झाला. आई चर्चच्या गायनवृंदात गात असे, सावत्र भाऊ अर्नी फॅरो जॅझमध्ये बास वाजवत, आणि स्वतः अॅलिस लहान वयातच चर्चमध्ये साथीला बसू लागल्या होत्या. पुढे पॅरिसमध्ये त्यांना जॅझ पियानोवादक बड पॉवेल यांचे मार्गदर्शन मिळाले. तेथून परतल्यावर त्या टेरी गिब्ज यांच्या वाद्यमेळात पियानो वाजवू लागल्या. १९६३ मध्ये जॉन कोल्ट्रेन यांची ओळख झाली, तेव्हा त्या पूर्ण तयारीच्या, स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या वादक होत्या, हे विसरले जाते. १९६५ मध्ये दोघांचा विवाह झाला. पियानोवादक मॅकॉय टायनर यांनी जॉन यांचा वाद्यमेळ सोडल्यावर त्यांच्या जागी अॅलिस आल्या, आणि तेव्हापासून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. टायनर यांचा डावा हात जड, ठोस स्वरसंघांनी पाया रचत असे. अॅलिस यांचे वादन मात्र ठराविक मात्रांच्या चौकटीतून सुटलेले, स्वर पसरत नेणारे होते, आणि रशीद अली यांच्या मोकळ्या ड्रमवादनाखाली तेच शोभणारे होते. ज्यांना जुने हवे होते त्यांनी जॉन यांच्या बदललेल्या संगीताचा राग त्यांच्या पत्नीवर काढला, असे माझे स्पष्ट मत आहे.

१७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने जॉन कोल्ट्रेन गेले. ते चाळीस वर्षांचे होते. अॅलिस एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि पदरी चार मुले होती. त्यांतल्या एकाचे नाव पंडित रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले होते. आज ते स्वतः नावाजलेले सॅक्सोफोनवादक आहेत.

जॉन यांनी मागवलेली हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचे मोठे उभे तंतुवाद्य, त्यांच्या निधनानंतर घरी येऊन पोहोचली, असे सांगितले जाते. जॅझमध्ये हार्प आणणाऱ्या अॅलिस पहिल्या नव्हेत. डेट्रॉइटच्याच डोरोथी अॅश्बी यांनी ते काम आधी केले होते. अॅलिस यांनी केले ते वेगळे. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात आणि पायाशी सात पेडल. एकेक पेडल एकेका स्वराच्या सर्व सप्तकांतल्या तारा एकदम अर्ध्या स्वराने चढवते किंवा उतरवते. त्यामुळे हवे ते स्वर आधी बांधून घेतले, की साऱ्या तारांवरून हात फिरवला तरी एकही परका स्वर लागत नाही. आपले गायक रागाप्रमाणे स्वरमंडळ लावून घेतात, त्याचे तत्त्व हेच. हार्पवर मात्र चालू वादनात पेडल बदलून सगळा स्वरसमूह पालटता येतो. इतरांनी ज्याचा वापर सजावटीपुरता केला, ते तारांवरून हात फिरवणे अॅलिस यांनी मुख्य वाक्याच्या जागी आणून बसवले.

हे ऐकायचे असेल, तर ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेची पहिली रचना लावावी. तानपुरा सुरू होतो, सेसिल मॅक्बी यांच्या बासवर एक छोटा, गंभीर स्वरसमूह फिरू लागतो, आणि श्रोता त्या आवर्तनात स्थिरावतो न स्थिरावतो तोच हार्प वरून उतरते. त्यानंतर फॅरो सँडर्स यांचा सोप्रानो सॅक्सोफोन येतो. कर्कश, फाटलेल्या सुरांसाठी प्रसिद्ध असलेला हा वादक येथे किती सांभाळून वाजवतो! या ध्वनिमुद्रिकेचे नाव स्वामी सच्चिदानंदांवरून आले आहे. ज्यांनी अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाचे उद्घाटनपर भाषण केले, तेच हे स्वामी. त्यांच्या सहवासात अॅलिस यांना पतिनिधनानंतरच्या कठीण काळातून बाहेर पडता आले. याच ध्वनिमुद्रिकेत तीन मिनिटांहूनही लहान अशी ‘स्टॉपओव्हर बॉम्बे’ नावाची रचना आहे. डिसेंबर १९७० मध्ये भारत आणि श्रीलंकेचा प्रवास ठरला होता, त्यावरून हे नाव दिले गेले. आपल्या शहराचे नाव जॅझच्या इतिहासात अशा ठिकाणी कोरलेले असताना मुंबईच्या वाचकाला ते सांगायलाच हवे होते.

या संगीतावर रागसंगीताचा प्रभाव आहे असे म्हणून आपण सहज मोकळे होतो, आणि त्याला फ्यूजन ठरवून बाजूला सारणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही मते घाईची आहेत. तानपुरा आहे, पण रागविस्तार नाही. आलाप, बंदिश, बढत यांपैकी काहीही येथे शोधू नये. आधार कृष्णवर्णीयांच्या चर्चसंगीताचा आणि ब्लूजचा आहे, तो त्यांनी कधीच सोडला नाही. १९७१ च्याच ‘युनिव्हर्सल कॉन्शसनेस’ या ध्वनिमुद्रिकेमध्ये त्यांनी वुर्लिट्झर ऑर्गनसमोर व्हायोलिने उभी केली, आणि त्या व्हायोलिनांच्या स्वरलेखनात ऑर्नेट कोलमन यांचा हात होता. आपल्या लेखात कोलमन यांच्यावर सविस्तर मजकूर आहे, पण हा दुवा त्यात नाही.

त्यांच्या सगळ्याच कामाची भलामण मी करणार नाही. जॉन यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर नवे तंतुवाद्यवादन चढवून त्यांनी १९७२ मध्ये ‘इन्फिनिटी’ प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक रसिक संतापले. दिवंगत वादकाच्या कामात हात घालणे मलाही रुचत नाही. परंतु त्या घरात, त्या संगीताच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, आणि परक्या निर्मात्याने केलेल्या फेरफारांच्या पंक्तीत हे काम बसवणे योग्य नाही.

मराठी श्रोत्याने खरे तर त्यांचा नंतरचा काळ अधिक लक्षपूर्वक ऐकायला हवा. १९७२ मध्ये त्या कॅलिफोर्नियाला गेल्या, तुरीयसंगीतानंद हे नाव घेतले, सार्वजनिक मैफली जवळजवळ थांबवल्या, आणि १९८३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ अगोरा हिल्स येथे साई अनंतम आश्रम उभारला. दर रविवारी तेथे भजन होई. ऑर्गनवर त्या स्वतः असत, आणि गाणारे बहुतांश कृष्णवर्णीय अमेरिकन साधक. ‘तुरीया सिंग्ज’ ही १९८२ ची कॅसेट आणि तिच्यानंतरच्या तीन कॅसेट आश्रमातल्या मंडळींपुरत्याच काढलेल्या होत्या. बाहेरच्या जगाला त्या मुख्यतः २०१७ मधल्या संकलनामुळे कळल्या.

आपल्याकडच्या भजनात बुवा चरण म्हणतात, टाळकरी धृपद धरतात आणि लय चढत जाऊन गजर टिपेला पोहोचतो. ज्याने आषाढी-कार्तिकीला हे अनुभवले आहे, त्याला अगोरा हिल्समधल्या मंडळींचे टाळ्या वाजवत उत्तर देणे परके वाटणार नाही. चाली मात्र आपल्या नाहीत. शब्द राम, कृष्ण, गोविंद यांच्या नामाचे, संस्कृत उच्चार अमेरिकन वळणाचे, आणि आवाज भरदार, चर्चमध्ये घडलेले. सिंथेसायझरवर अॅलिस एका स्वरावरून दुसऱ्यावर लांबलचक मींड घेत जातात, तेव्हा सारा समूहस्वर त्यांच्यामागे उचलला जातो. शांतपणे ऐकणाऱ्यांनी २०२१ मध्ये रवी कोल्ट्रेन यांनी प्रसिद्ध केलेली ‘कीर्तन : तुरीया सिंग्ज’ घ्यावी. तिच्यात फक्त ऑर्गन आणि अॅलिस यांचा धीरगंभीर गळा आहे. त्यातले ‘जगदीश्वर’ ऐकून माझ्या घरी हरिपाठ म्हणणाऱ्या, इंग्रजी न जाणणाऱ्या ज्येष्ठांनी ते पुन्हा लावायला सांगितले. या संगीताची पारख करायला जॅझचा अभ्यास हवाच असे नाही, असे मी त्या अनुभवावरून म्हणतो.

२००४ मध्ये ‘ट्रान्सलिनिअर लाइट’ ही ध्वनिमुद्रिका घेऊन त्या बऱ्याच काळाने रसिकांसमोर आल्या आणि १२ जानेवारी २००७ रोजी त्यांचे निधन झाले. आश्रमाची वास्तू कॅलिफोर्नियातल्या २०१८ च्या वूल्सी वणव्यात भस्मसात झाली. त्यांच्या बहिणीचा नातू फ्लाइंग लोटस या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करतो आणि त्याच्या रचनांमध्ये ती हार्प सरळ ऐकू येते. कार्नेगी हॉलमधली त्यांची १९७१ ची मैफल २०२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाली आहे, तेव्हा ती मिळत नाही ही सबबही आता उरलेली नाही.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीच्या येत्या अंकांपैकी एकात अॅलिस कोल्ट्रेन यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, आणि तो लिहिताना जॅझच्या जाणकाराबरोबर भजनाच्या अंगाने ऐकणाऱ्या एखाद्या संगीतज्ञालाही सोबत घ्यावे. मूळ लेखाची संकेतस्थळावरील प्रत दुरुस्त करता येत असेल, तर त्यांचा परिचय पियानो, ऑर्गन व हार्पवादक आणि संगीतकार असा करावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, ठाणे