रात्री वसतिगृहात कोण असतं?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मध्येच ठेवलास. आई म्हणाली, परत लावा. मी लावला नाही. फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, हे आजचं नाही. सातवीत सहलीवरून वाजलं होतं तेव्हा तू वहीचं पान फाडून माझ्या जेवणाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली होतीस, मुद्द्यांना क्रमांक घालून. ती अजून कपाटात आहे. म्हणून मीही लिहायला बसलो.

आधी हे वाच. जूनपासून प्रवेशाचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला फार अभिमान वाटतो. तालमीच्या कट्ट्यावर दोघातिघांना सांगितलंही. पर्यायी शाळा म्हणजे काय हो, असं विचारतात. मी म्हणतो, नेहमीच्या शाळेनं ज्यांच्या हातात दाखला ठेवला, किंवा जी पोरं स्वतःच दप्तर टाकून गेली, त्यांची शाळा. सकाळी गोठा आणि भाजीचे वाफे, मग गणित. एवढं ऐकून मंडळी 'बरं बरं' म्हणतात आणि पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉल मॅचकडे वळतात. संजूमामा मात्र म्हणाला, पोरीनं कुळाचं नाव काढलं.

आता त्या इचलकरंजीच्या मुलीचं. पंधरा वर्षांची, आठवीनंतर शाळा नाही, वडील यंत्रमागावर कामाला, आई नाही, हातावर ब्लेडच्या खुणा. तुमच्यातले निम्मे घेऊया म्हणतात, निम्मे नको. तू म्हणालीस, आपण नाही घेतली तर तिला कोण घेणार? मी एवढंच विचारलं की रात्री वसतिगृहात कोण असतं. त्यावर तू म्हणालीस, "अण्णा, तुम्हाला त्या पोरीचं काही नाही, माझंच पडलंय."

तुझं पडलंय हे खरं. लेक आहेस. पण त्या पोरीचंही पडलंय, आणि दोघींच्या काळजीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. म्हणून तोच प्रश्न पुन्हा लिहितो: रात्री कोण असतं?

मी आयुष्यभर हायस्कूलच्या ऑफिसात बसलो. जनरल रजिस्टर माझ्या हातचं होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'प्रगती', 'वर्तणूक', 'शाळा सोडण्याचे कारण', 'शेरा' असे रकाने असतात. वर्तणुकीपुढं 'चांगली' लिहायचं आणि कारणापुढं 'पालकांच्या विनंतीवरून'. अर्ज पालकाचाच असतो, सही किंवा अंगठा त्याचाच असतो. पण तो अर्ज कुणी सुचवला, ते कोणत्याच रकान्यात येत नाही. नववीचा निकाल लागला की पुढल्या आठवड्यात ते बाप यायचे. एकाच्या शर्टाला फौंड्रीतल्या मोल्डिंगची काळी माती, एक ऊसतोडीवरून नुकताच परतलेला, एक नुसता उभा. पोरगं दाराबाहेर, पायानं फरशी घासत. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर काठावरची पोरं नववीतच गळली पाहिजेत, हे तोंडानं कुणी म्हणत नाही. कायद्यातलं मोफत आणि सक्तीचं शिक्षण सहा ते चौदा. नववीच्या पोराचं वय बरोबर त्याच्या पुढं गेलेलं असतं. म्हणून तुमच्या फाटकाशी येणारी पोरं चौदा-पंधरा-सोळाचीच असतात. मला ते नवल वाटत नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया म्हणजे थोडा नव्हे. दाखले लिहिताना माझ्या मनात यायचं, पोराला बाहेर काढणाऱ्या शाळेला दंड कुठं आहे? तू आत्ता जे काम करतेस ते त्या प्रश्नाचंच आहे, असं मी मानतो. म्हणून मी त्या कामाच्या विरुद्ध आहे असं कृपा करून म्हणू नकोस.

पण बाळ, जे पोरगं एकदा शाळेनं काढलंय, त्याला तुम्ही घेतलं आणि तीन महिन्यांनी 'आम्हाला झेपत नाही' म्हणून परत धाडलं, तर ते तिसऱ्या दारापाशी जाणारच नाही. पहिल्या वेळी पोरं शाळेला शिव्या देतात. दुसऱ्या वेळी स्वतःला देतात. दुसऱ्यांदा दाखला न्यायला आलेली पोरं मी पाहिली आहेत, ती मान वर करत नव्हती. तेव्हा घ्यायचं की नाही याआधी धरून ठेवता येईल का, हे बघा. आणि धरून ठेवणं दिवसा सोपं असतं. दिवसा तुम्ही सगळे आहात, काम आहे, दंगा आहे. रात्री दहानंतर काय?

थोडं सांगतो, मग गप्प बसतो.

त्या मुलीला समितीपुढं बसवून तिची सगळी कहाणी पुन्हा वदवून घेऊ नका. शाळेत, नातेवाइकांत, दवाखान्यात तिनं ती किती वेळा सांगितली असेल. एकीनं बोलावं, बाकीच्यांनी कागद वाचावेत. बाही वर कर असं कुणी म्हणू नये. आणि 'तू सांग, मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन तू देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू देशील. तिनं काही वावगं घडल्याचं सांगितलं तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, कायद्यानं ते पोलिसांना कळवावंच लागतं, मग तुझा शब्द मोडल्याचं तिला दिसेल. आधीच सांग की काही गोष्टी मला पुढं सांगाव्या लागतील, पण तुला आधी सांगून, तुझ्या पाठीमागं नाही. घरातून पळून आलेलं पोरगं दारात आलं तर त्याला परस्पर ठेवून घेऊ नका, चोवीस तासांच्या आत 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं तिची फाईल चालू असेल तर शाळेत घेतलं म्हणून ती बंद पडू देऊ नका. शेतात हात घातला की मन बरं होतं, हे खरं आहे, पण तेवढ्यानं होत नाही. तुमच्या सरांना हे पटत नाही असं तूच मागं म्हणाली होतीस. त्यांना पटेपर्यंत बोल. 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर रात्रीसुद्धा लागतो, तो ऑफिसात नव्हे, वसतिगृहाच्या भिंतीवर लाव.

आणि मुलीला स्वतःला विचारा. बाप म्हणतो म्हणून नको. आठ दिवस राहू दे, कांदे निवडू दे, पोरींबरोबर झोपू दे, मग ती काय म्हणते ते ऐका. तिला नको असेल तर तेही उत्तरच आहे.

मे महिन्यात तुम्ही ज्या मुलाला नाही म्हणालात त्याचं मला राहून राहून मनात येतं. नाही म्हणावं लागतं, मला मान्य आहे. जागा तेवढ्याच, माणसं तेवढीच. पण नुसतं नाही घेऊन कुणी फाटकाबाहेर जाऊ नये. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. मुक्त विद्यालय आहे. आयटीआयला वेल्डर, सुतारकाम अशा काही ट्रेडना आठवी पास चालतं. चौदाच्या आतलं असेल तर वयाप्रमाणं वर्गात घेणं शाळेला बंधनकारक आहे, जुना दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. हे सगळं एका कागदावर लिहून, कुणाला कुठं भेटायचं ते घालून, बापाच्या हातात द्या. मी करून पाठवू का? माझं अक्षर अजून चांगलं आहे.

हे व्याख्यान झालं, मला कळतंय. माफ कर. तू हे सगळं शिकून गेलीस, पदवी घेतलीस, आणि मी इथं बसून तुला कलमं सांगतोय. आई चहा घेऊन आली, वाचलं आणि म्हणाली, पत्र आहे का परिपत्रक?

विलासचं तुला कधी कुणी नीट सांगितलं नाही. घरात तो विषय निघत नाही. फोटो तू पाहिलायस, देवघराच्या वरचा, चौकड्याचा शर्ट. माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. हाताला इतकं कसब की सायकलची चेन डोळे मिटून बसवायचा, पण पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. आज त्याला काहीतरी नाव आहे, तेव्हा 'ढ' एवढंच होतं. नववीत दाखला मिळाला. आज्जा स्वतः बोर्डिंगात राहून शिकलेला. 1901 साली महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहिलं, आणि त्यातनं आपल्यासारख्यांची घरं वर आली, यावर आज्जाचा देवासारखा विश्वास. पोरगं घरी बिघडतं, बोर्डिंगात सुधारतं, असं म्हणून त्यानं विलासला दुसऱ्या गावी एका वसतिगृहात नेऊन ठेवलं. त्याचं नाव मी लिहीत नाही.

दिवसा सगळं ठीक होतं. मास्तर चांगले होते, ते नंतर घरी येऊन रडले. रेक्टर गावी गेले होते. रात्री तिथं मोठं माणूस कुणी नव्हतं. सकाळच्या हजेरीला कळलं. मिरज स्टेशन, पंढरपूर, मुंबईला दादरपर्यंत आज्जा फिरला. आजी शेवटपर्यंत रात्री दाराला आतून कडी लावू द्यायची नाही. तू लहान असताना विचारायचीस ना, आपलं दार उघडं का असतं. 

तेव्हा मी रात्रीचं विचारतो ते तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरं तिथं वेल्डिंग, शेती, विजेचं काम करत करत शिकतात, त्यातनंच गणित आणि विज्ञान. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर घडी करून ठेवून दिला होता. विलास गेला तेव्हा पाबळची सुरुवातही नव्हती. इथं कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं ते 1985 साली, आणि आईनं घरात सगळ्यांशी भांडून तुला तिथं घातलं. पहिल्याच आठवड्यात तू घरी येऊन म्हणालीस, "आमच्या बाई मला विचारतात, तुला काय वाटतं?" तू सहा वर्षांची होतीस. मी तुला असं कधी विचारलं नव्हतं, आणि मला माझ्या बापानं. कदाचित त्याच दिवशी तू आत्ता जिथं आहेस तिकडं निघाली होतीस.

फोनवर तुझा आवाज बसलेला होता. झोप होत नाही हे मला न सांगता कळतं. दिवाळीत आलीस तेव्हा पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा होता, तू मोबाईलवर कुणाला तरी समजावत होतीस, 'मी आहे, मी आहे' असं. तेव्हाच मला उमगलं, रात्री तिथं कोण असतं ते. तूच असतेस. दिवसभर तू, रात्रीही तू. आणि आता ही मुलगी आली तर तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकून तूच झोपशील. सांग, खोटं आहे का?

तुझ्यात ते बळ आहे. पण एका माणसाच्या न झोपण्यावर शाळा चालवू नका एवढंच माझं मागणं आहे. रात्रपाळीला पगार देऊन एक जाणती बाई ठेवा, दुसरी तिच्या सुट्टीच्या दिवसाला. त्याला पैसे लागतात, आणि देणगीदार वर्गखोलीवर पाटी लावायला पैसे देतात, रात्रपाळीच्या पगाराला देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझ्या पेन्शनमधून दरमहा काही रक्कम मी त्या एका कामासाठी देणार. आईशी बोललोय. तू नको म्हणशील, पण ही देणगी तुला नाही, शाळेला आहे, पावती पाहिजे. बाई मिळेपर्यंत त्या मुलीला थांबवा, पण तिला तारीख द्या आणि मध्ये दर आठवड्याला फोन करा. 'बघू, कळवतो' म्हणू नका. त्याचा अर्थ ती पोरं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.

बाई ठेवलीत आणि मुलीला घेतलंत तर मला एका ओळीनं कळव. नाही घेतलंत तरी कळव. आई गुडघ्यांचं औषध वेळेवर घेते, तू विचारणारच म्हणून लिहितोय. तिनं तुला आणखी एक विचारायला सांगितलं होतं, ते मी विचारत नाही.

उद्यमनगरातल्या तानाजीनं त्याचं जुनं ड्रिल मशीन तुमच्या वर्कशॉपला द्यायचं कबूल केलंय. बेअरिंग नवीन घालून देतो म्हणाला, पैसे घेणार नाही. पोरांना हात घालू देण्याआधी गार्ड बसवून घ्या, आणि ओढणी किंवा मोकळे केस घेऊन कुणी त्याच्यापाशी उभं राहायचं नाही. पुढल्या आठवड्यात त्याचा टेम्पो तिकडं येतोय. तुमच्याकडं थ्री फेज आहे का ते तेवढं लगेच कळव. नसेल तर मोटर बदलून घ्यावी लागेल, त्याला दोन दिवस लागतील.

तुझे,
अण्णा