आदरणीय काका, आमचे घर झाकले जाण्याआधी आपण पाहिलेत

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी आपण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे पुण्याला लेकीकडे होतात. पूजा झाली, पंगती उठल्या, येणारा प्रत्येक जण फरशीचे आणि रंगाचे कौतुक करून गेला. पण ज्या कामामुळे हे घर आम्हांला भक्कम वाटते ते सगळे गिलाव्याच्या आत गेलेले होते, आणि ते ज्यांनी उघडे असताना पाहिले होते ते आपणच तिथे नव्हतात. आपले आभार चार माणसांसमोर मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी प्राथमिक शिक्षिका आणि माझे पती टॉवेलच्या कारखान्यात. बांधकामातले आम्हां दोघांनाही काही कळत नव्हते. जुळे सोलापुरातल्या बाराशे चौरस फुटांच्या जागेवर कर्ज काढून घर बांधायला घेतले तेव्हा ठेकेदार सांगेल ते खरे, अशीच आमची समजूत होती. पायाचे खड्डे चार फूट झाल्यावर दुसऱ्या दिवशी खाली काँक्रीट घालायचे ठरले होते. सकाळी फिरायला निघालेले आपण तिथे थांबलात, कोणाचीतरी पहार मागून घेतलीत आणि खड्ड्याच्या तळाशी मारलीत. ती वीतभर आत गेली. आपण एवढेच म्हणालात, "ही अजून काळी मातीच आहे. मुरूम लागेपर्यंत खाली जा." पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती पायाखाली राहिली तर वरच्या भिंती दरवर्षी कशा हलतात आणि तिरप्या कशा तडकतात, हे आपण त्याच खड्ड्याच्या काठावर उभे राहून आम्हांला समजावून सांगितलेत. साडेसहा फुटांवर कठीण मुरूम लागला. त्या वेळी वाढलेल्या खर्चाने माझ्या पोटात गोळा आला होता, हे आज मोकळेपणाने सांगते.

त्या दिवसापासून, सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेले आपण, एक पैसाही न घेता आमच्या कामावर येत राहिलात. आपण रोज येत नव्हता. काही झाकले जाणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र न चुकता येत होता. काँक्रीट पडल्यावर आतली सळई कोणाला दिसणार नाही, तेव्हा आजच बघून घ्या, हे आपले म्हणणे आता माझ्या सासूबाईंनाही पाठ झाले आहे.

कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बांधतात त्या लोखंडी रिंगांची संध्याकाळ मी विसरू शकत नाही. सळईकाम करणाऱ्याने रिंगांची टोके काटकोनात वाकवली होती आणि सगळीकडे असेच करतात असे त्याचे म्हणणे होते. आपण आवाज चढवला नाहीत. त्याला बाजूला घेऊन बसवलेत आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर, नोकरीतल्या उमेदीच्या वर्षांत, पुनर्वसनाच्या कामावर असताना जे पाहिले ते त्याला सांगितलेत. मग एक रिंग हातात घेऊन दाखवलेत, की कॉलम हादरला आणि बाहेरचे काँक्रीट गळून पडले, तर काटकोनातले टोक उघडते आणि आतल्या उभ्या सळ्या मोकळ्या होतात. तेच टोक 135 अंशांत आत वळवलेले असेल तर ते गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतून राहते. त्या कारागिराने रात्री दिवा लावून सगळ्या रिंगा पुन्हा वाकवल्या. पुढे स्लॅबच्या वेळी तो स्वतःच एका नवख्या मुलाला तेच समजावून सांगत होता, ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

आपण उगाच कोणाला अडवले नाहीत, हेही मला इथे लिहायलाच हवे. बारा मिलिमीटरच्या सळईचा एक मीटरचा तुकडा 888 ग्रॅम भरायला हवा, असे आपण सांगितलेत. मी तो पिशवीत घालून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणला, तर तो 870 ग्रॅम भरला. आता सगळा माल परत जाणार असे मला वाटले होते, पण पाच टक्क्यांच्या आतला फरक चालतो, माल ठीक आहे, असे म्हणून आपण ती सळई वापरू दिलीत. वाळूच्या बाबतीत मात्र आपण हटला नाहीत. काचेच्या बरणीत वाळू आणि मिठाचे पाणी घालून हलवून ठेवली, तीन तासांनी वर गाळाचा जाड थर दिसला आणि ती गाडी परत गेली.

स्लॅब एप्रिलमध्ये आला. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीच्या पुढे आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. आपण पहाटेच आलात आणि सळईखाली ठेवलेले खडीचे तुकडे काढून तिथे वीस मिलिमीटरचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई तळापासून तेवढी वर उचलून धरणारे ठोकळे, बसवून घेतलेत. मिक्सरवरचा मुलगा अंदाजाने बादल्या ओतत होता, कारण काँक्रीट पातळ असले की पसरायला सोपे जाते. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण पंचवीस लिटर पाणी आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी, असे सांगून आपण बादलीवर तांबड्या रंगाची रेघ ओढून दिलीत आणि दुपारपर्यंत त्या मिक्सरजवळच उभे राहिलात. आपले वय आणि ते ऊन आठवले की आजही मला अवघडल्यासारखे होते. ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटचे ठोकळे आपण लोखंडी साच्यांत भरून घेतलेत. आमच्या स्लॅबचे काँक्रीट एम 20 प्रतीचे, आणि त्याने अठ्ठाविसाव्या दिवशी चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसावा अशी अपेक्षा असते. आमचे ठोकळे सरासरी 24.6 भरले. त्या चाचणीचा कागद आम्ही जागेच्या खरेदीखताबरोबर ठेवला आहे.

त्यानंतरचे चौदा दिवस आमच्या घराने पाण्यावर काढले. सिमेंट राखमिश्रित आहे आणि हवा कोरडी आहे, तेव्हा सात दिवसांवर भागणार नाही, असे आपण बजावले होते. स्लॅबवर आळी बांधून त्यांत पाणी भरले, कॉलमना गोणपाट गुंडाळले. नळाचे पाणी नसेल त्या दिवशी टँकर मागवला, आणि सासूबाई सकाळ-संध्याकाळ गोणपाटाला हात लावून ओल तपासत राहिल्या. पाचव्या दिवशी दुसऱ्या कामासाठी टेकू हवे आहेत म्हणून माणसे आली, तेव्हा बीमखालचे टेकू चौदा दिवस हलणार नाहीत हे मी त्यांना एकटीने सांगितले. आपण त्या वेळी गावाला गेला होतात. पहिल्यांदाच, मी काय म्हणते आहे आणि का म्हणते आहे, हे मला नीट माहीत होते.

जिन्याजवळच्या कॉलमचे सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. फळ्या काढल्यावर पायथ्याशी खडी उघडी पडलेली दिसली. गिलाव्यात झाकले जाईल, असे ठेकेदार म्हणाला. आपण हातोडीने ठोकून पाहिलेत, बद्द आवाज येत होता तेवढ्या भागाभोवती खडूने गोल काढलात आणि ठेकेदाराला शांतपणे विचारलेत, "हे तुमच्या घरात असते तर?" तो काही वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी वरच्या बीमला टेकू देऊन त्याने तेवढा भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडला आणि आपल्या देखत पुन्हा भरून दिला, तोही स्वतःच्या खर्चाने. भांडण झाले नाही, कोणाचा अपमान झाला नाही, काम मात्र झाले. अशी माणसे आसपास असणे हे आमचे भाग्य आहे.

मानधनाचे पाकीट आपण दोनदा परत केलेत. घेतली ती फक्त कडक भाकरी आणि शेंगाचटणी. डोळ्यांना आराम पडला की काकूंना घेऊन घरी या. गिलावा करण्याआधी त्या खडूच्या गोलाचा फोटो मी काढून ठेवला आहे. तो कॉलम आता हॉलच्या कोपऱ्यात आहे आणि आपल्यासाठी खुर्ची त्याच्याच शेजारी ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
जुळे सोलापुरातील आपली शेजारीण