तेंदूची मालकी ग्रामसभेची, मग टीपी बुक ठेकेदाराकडे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांची तोडाई एप्रिलच्या अखेरीस सुरू होते, पण ग्रामसभेचा पैसा हाती येणार की बुडणार हे त्याआधीच, ठेकेदारासोबतच्या करारनाम्यावर सह्या होताना ठरलेले असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी यंदा सही करण्याआधी हा कागद ओळ न ओळ वाचावा, यासाठी हे पत्र.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालात, घेतले आणि गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीकडे आणला. हे सहज घडलेले नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूचे टीपी बुक हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. एवढ्या झगड्यातून मिळालेले हे बुक आज काही गावांत कोऱ्या पानांवर सह्या करून ठेकेदाराच्या दिवाणजीकडे, म्हणजे कारकुनाकडे, दिले जाते, हे पाहून जीव तुटतो. पोती किती गेली, कोणत्या गाडीने, कोणत्या गोदामात, याचा गावाकडे पुरावाच राहत नाही.

लिलावात ठेकेदार प्रति पोते एकच आकडा बोलतो. करारात त्याचे दोन भाग होतात, तोडाईची मजुरी आणि रॉयल्टी, म्हणजे मालक म्हणून ग्रामसभेला मिळणारी रक्कम. मजुरी हंगामातच चुकती करावी लागते, नाहीतर पुढच्या आठवड्यात फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागेवर, कोणी पानांचे पुडे आणणार नाही. रॉयल्टी मात्र 'माल विकल्यावर'. तोवर पावसाळा लागतो, पोती दूरच्या गोदामात पडलेली असतात, बाजार उतरला की ठेकेदार फोन उचलत नाही. त्या वेळी ग्रामसभेकडे वसुलीचे कोणतेही साधन नसते. साधन एकच होते, टीपी, आणि ते आधीच देऊन झालेले असते. म्हणून करारात पहिली अट ही हवी: जितक्या पोत्यांची मजुरी आणि रॉयल्टी दोन्ही ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा झाली, तितक्याच पोत्यांची टीपी मिळेल. टीपीवर पोत्यांची संख्या, गाडी क्रमांक आणि गोदामाचा पत्ता समितीने स्वतः भरावा, दुसरी प्रत गावात ठेवावी.

मोजणीतली गळती दिसत नाही, कारण ती पाच-पाच पानांनी होते. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांचे एक प्रमाणित पोते, म्हणजे ७०,००० पाने. दिवाणजी 'पाने बारीक आहेत' म्हणत पुड्यात ७५ पाने मागतो आणि खराब पुडे निघतील म्हणून शेकड्यामागे दोन पुडे वर घेतो. हिशेब करा: १,०२० पुडे गुणिले ७५, म्हणजे ७६,५०० पाने. पैसे मिळाले ७०,००० पानांचे. एका पोत्यामागे ६,५०० पाने, जवळपास ९३ पुडे, फुकट गेले. ज्या बाईने पहाटे उठून पाने तोडली आणि दुपारभर बसून पुडे बांधले, तिच्या मजुरीतून ते गेले. खराब पुडा वेगळा काढून तिथल्या तिथे परत करावा, 'सूट' म्हणून आगाऊ पुडे देऊ नयेत. फळीवर गावाचा स्वतःचा मोजणीदार हवा, आणि रोज संध्याकाळी तोडणाऱ्याच्या कार्डावर व गावाच्या वहीत एकच आकडा चढला पाहिजे.

मोजणीनंतर पुडे उन्हात साधारण आठवडाभर वाळतात. मध्ये एकदा पलटावे लागतात. भरण्याआधी हलके पाणी शिंपडून पान नरम करतात. पाणी कमी पडले तर पान पोत्यात दाबताना तडकते, जास्त झाले तर आतून बुरशी धरते. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला की फळीवरचा माल काळा पडतो आणि ठेकेदार तो पावतीतून वजा करतो. मोजून घेतलेला पुडा खरेदीदाराचा, त्यानंतरचे पावसाचे नुकसानही त्याचेच, असे करारात स्पष्ट लिहावे. बोलीचा आकडा करासह की कराव्यतिरिक्त, हेही लिहावे. तेंदूपानांच्या विक्रीवरचा टीसीएस, म्हणजे खरेदीदाराकडून विक्रीच्या वेळी घ्यायचा आयकर, विक्रेत्याने गोळा करून भरायचा असतो, त्यामुळे पॅन आणि टॅन (कर गोळा करणाऱ्याचा खाते क्रमांक) यांची कामे लिलावाआधीच उरकलेली बरी.

जंगलाबद्दलही एक अट हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई केली, म्हणजे तेंदूची झुडपे धारदार हत्याराने जमिनीलगत कापली, तर साधारण दीड महिन्यात मऊ, एकसारखी पाने येतात. ही मजुरी वाचवण्यासाठी आग लावली जाते. फुटवा आगीनंतरही येतो, पण मोहाची, चारोळीची रोपटी जळतात आणि पुढच्या पिढीचे जंगल तिथेच थांबते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगाव ग्रामसभेने या नुकसानीपायी तेंदूतोडणीच बंद केली आणि बांबूवर गाव चालवले. प्रत्येक गावाला ते जमेल असे नाही. पण खुटकटाईचा खर्च खरेदीदाराने आगाऊ द्यावा आणि आग लागल्यास तो दंडास पात्र राहील, एवढे तर कोणतीही ग्रामसभा लिहून घेऊ शकते.

आता प्रशासनाबद्दल. गावे ठेकेदारापुढे वाकतात त्याचे मूळ कारण म्हणजे त्यांच्याकडे खेळते भांडवल नसते. मे महिन्यात शेकडो कुटुंबांची मजुरी आठवड्याला रोखीने द्यायची तर ग्रामसभेकडे पैसा कुठला? आगाऊ रक्कम ठेकेदाराची, म्हणून अटीही त्याच्याच. वनहक्क नियमांतील नियम १६ हक्क मिळाल्यानंतरच्या मदतीची जबाबदारी सरकारी विभागांवर टाकतो. त्या आधारे ग्रामसभांना हंगामापुरते भांडवल आणि तालुक्याला निदान एक कोरडे गोदाम मिळावे. माल चार महिने ठेवता आला तर पडत्या भावात विकण्याची सक्ती उरत नाही. तसेच ग्रामसभेची टीपी असलेली गाडी तपासणी नाक्यावर 'वनविभागाचा शिक्का नाही' म्हणून अडवली जाऊ नये, असे लेखी आदेश सर्व नाक्यांना द्यावेत. आणि भांडवल मार्चअखेर ग्रामसभेच्या खात्यात पोहोचावे. मे महिन्यात मंजुरीचे पत्र आले, तर तोवर त्या वर्षीचा करार ठेकेदाराच्या अटींवर होऊन गेलेला असेल.

आपला,
ग्रामसभांचे तेंदूचे हिशेब तपासणारा एक वाचक